कलंकीहून ते चौघं गावाकडे, मी पारोला

अन्नपूर्णा बेस कॅम्पचा ट्रेक कसा करायचा, कुठं राहायचं, काय न्यायचं हे मराठीत भरपूर जणांनी लिहिलंय, त्यामुळे ते मी परत लिहीत नाही. मला लिहायचंय ते ट्रेक संपल्यानंतरच्या दोन दिवसांबद्दल. आम्ही पाच जण बेळगावहून निघालो, एकत्र चढलो, एकत्र उतरलो आणि काठमांडूत कलंकी नावाच्या चौकात चौघं भारताच्या सीमेवरच्या सुनौलीच्या बसमध्ये बसले आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी विमानानं भूतानमधल्या पारोला गेलो, एकटाच. बॉर्डर, परमिट, तिकीट हे सगळं जमून जातं हो, पण सोबतची माणसं परत फिरलेली बघून आपण पुढं जायचं हे मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा फार जड गेलं.

आमचा ग्रुप म्हणजे काही क्लब वगैरे नाही. मामा म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर झालेले, वय ६१, सगळ्यांचेच मामा. सर खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर आहेत. अक्का पतसंस्थेत कामाला. बारक्या उद्यमबागेत फौंड्रीत आणि माझं तिथंच छोटं मशीन शॉप, जॉबवर्क करतो. गेली नऊ वर्षं आमचे रविवार एकत्र जातात, पहाटे येळ्ळूरचा राजहंसगड, जरा वेळ असला की वैजनाथ-महिपाळगड, मोठी सुट्टी असली की कलानंदीगड नाहीतर पारगड आणि पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं भिजत फिरायचं. हिमालय आम्ही कुणीच बघितला नव्हता, मामा सोडून, आणि मामांनी तो बंदूक खांद्यावर घेऊन बघितलेला, त्यामुळे तेही म्हणायचे की एकदा नुसतं बघायला म्हणून जायचंय.

आता भूतान कुठनं आलं ते सांगतो. माझे बाबा ग्रेफमध्ये होते, सीमा सडकवाल्यांच्या त्या फोर्समध्ये, रोलर चालवायचे. १९८४ ते ८७ ते भूतानला होते. भूतानमधले रस्ते भारतानं बांधून दिलेत, १९६१ पासून दंतक म्हणून सीमा सडक संघटनेचा प्रोजेक्ट तिथं आहे, आणि भारताच्या सीमेवरच्या फुंटशोलिंगपासून राजधानी थिंफूपर्यंतचा घाटरस्ता हे त्यातलं पहिलं मोठं काम. बाबा गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. तिथल्या दिवसांच्या दोनच वस्तू घरात आहेत, एक लाकडी वाटी आणि एक फोटो. फोटोत बाबा रोलरला टेकून उभे आहेत, डोक्याला मफलर, आणि मागं लांबवर तीन स्तूप, तिन्ही वेगवेगळ्या आकाराचे. जागा कुठली ते मागं लिहिलेलं नाही. लहानपणी मला ती तीन देवळं वाटायची.

हा फोटो एकदा पारगडावर मुक्कामाला असताना मी मोबाईलवर सरांना दाखवला. सर काही बोलले नाहीत, पण चार दिवसांनी रात्री अकराला त्यांचा फोन, की अरे सापडलं. चुझोम म्हणून जागा आहे, पारोची नदी आणि थिंफूची नदी तिथं एकत्र येतात, आणि त्या संगमावर तीन छोर्तेन म्हणजे स्तूप आहेत, एक भूतानी पद्धतीचा, एक तिबेटी, एक नेपाळी. माणसानं शाळेतनं घरी येऊन, वह्या तपासून, रात्री जागून माझ्या बापाचा फोटो शोधला. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढं अन्नपूर्णेचं ठरलं तेव्हा अक्काच म्हणाली, काठमांडूपर्यंत जाऊलालोयच तर तू तसाच पुढं जाऊन ये, तिथनं पारोला थेट विमान आहे.

सगळ्यांनीच जावं असं फार वाटत होतं मला, पण जमणारं नव्हतं. भारतीय माणसाला भूतानमध्ये दर रात्रीचे १२०० रुपये सरकारी फी, वर विमानाचं तिकीट, वर हॉटेल. बारक्याला तर अन्नपूर्णेलाच ओढाताण करावी लागली होती. आणि वेळ कुणाकडं होता? आमच्याकडं शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते, सरांची ती संपत आलेली. मामांचं भात कापणीला आलेलं, सुगीच्या तोंडावर ते आले होते हेच खूप. अक्काची रजा मोजून पंधरा दिवस.

कागदांचं एका दमात सांगून टाकतो, कुणाला उपयोग झाला तर. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. भूतानलाही व्हिसा नाही, पण एंट्री परमिट लागतं, ते मी घरूनच ऑनलाइन काढून प्रिंट घेतली होती. भूतानला आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट पाहिजे नाहीतर मतदान ओळखपत्र. आणि नेपाळात रस्त्यानं शिरून तिथनं विमानानं तिसऱ्या देशात जाणार असाल तर काठमांडूच्या आपल्या दूतावासाला आधी विचारून घ्या, मी मेल केला होता आणि त्यांचं उत्तर छापून पासपोर्टात ठेवलं होतं. नऊ दिवस ते पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत, बनियनच्या आत. मामा रोज सकाळी विचारायचे, कागद हाय न्हवं?

ट्रेकच्या दोनच गोष्टी सांगतो. आम्ही ४१३० मीटरवर बेस कॅम्पला पोचलो तो नेमका दसऱ्याचा दिवस होता. पहाटे सगळे बाहेर आलो, अन्नपूर्णेच्या दक्षिण भिंतीवर ऊन उतरत होतं, आधी टोकाला नुसती केशरी रेघ आणि मग हळूहळू खाली, आणि सर हळू आवाजात सांगत होते की ८००० मीटरच्या वरचं माणसानं गाठलेलं पहिलं शिखर हेच, १९५० साली, फ्रेंच लोकांनी, पण पलीकडच्या उत्तरेच्या बाजूनं. तेवढ्यात मामांनी खिशातनं छोटी डायरी काढली. डायरीच्या पानापानात आपट्याची पानं. बेळगावातनं निघतानाच तोडून ठेवलेली, वाळून तांबूस झालेली, पण अख्खी. प्रत्येकाच्या हातात एकेक देऊन म्हणाले, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. आमच्याकडं दसऱ्याला पालख्या मैदानावर येतात, सीमोल्लंघन होतं, लहानपणापासून तेवढंच बघितलेलं. इथं आम्ही खरोखरची सीमा ओलांडून आलो होतो आणि हातात घरचं पान होतं. अक्का रडली, मीही रडलो.

दुसरी गोष्ट पायांची. मामा रोज संध्याकाळी लॉजवर पोचलो की कुणालाही चहा घेऊ देण्याआधी बूट काढायला लावायचे आणि पाचही जणांचे पाय बघायचे. स्वतःचेही दाखवायचे. फौजेत पलटणीचे पाय बघणं हे काम असतं म्हणे, पाय गेला की माणूस गेला. वाटेतल्या छोमरोंग गावाच्या त्या न संपणाऱ्या पायऱ्या उतरल्यावर माझ्या उजव्या टाचेला मोठा फोड आला होता. मामांनी सुई लायटरवर तापवली, दोरा ओवला, फोडाच्या एका कडेनं आत घातली आणि दुसऱ्या कडेनं बाहेर काढली, आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्हीकडनं अर्धा अर्धा इंच सोडून कापला. पाणी दोऱ्यानं झिरपत जातं आणि वरची कातडी तशीच राहते. त्यांची बोटं जाड, शेतातली, नखं काळी पडलेली, पण सुई आत जाताना मला कळलीसुद्धा नाही. वर पावडर, कोरडा मोजा, आणि म्हणाले आता पी चहा. पुढचे पाच दिवस मी त्या दोऱ्यावर चाललो.

उतरून पोखरा, पोखऱ्याहून बसनं काठमांडू. रस्त्याचं काम चालू, धूळ, दिवस त्यातच गेला. नेपाळात दसऱ्याला दशैं म्हणतात आणि त्यांचा सगळ्यात मोठा सण तोच. टिका लावायचं दसऱ्याला सुरू होतं ते कोजागिरीपर्यंत चालतं. आम्ही काठमांडूत ठमेल भागात ज्या छोट्या हॉटेलात उतरलो होतो तिथं मालकाची आई होती, ऐंशीच्या पुढची असेल. निघायच्या दिवशी दुपारी तिनं आम्हाला खाली बोलावलं, ओळीनं बसवलं आणि दही-तांदूळ-अबीर कालवलेला टिका प्रत्येकाच्या कपाळावर थापला, चांगला जाडजूड, आणि कानामागं जमरा खोवला. जमरा म्हणजे घरात अंधारात उगवलेली जवाची पिवळी कोवळी पाती. अहो, हे तर आपलं घटातलं धान! आमच्या गावात दसऱ्याला ते टोपीत खोवतात. मामांनी चटकन टोपी काढली आणि तिच्यापुढं वाकले, ती पाया पडू देईचना, नुसती हसत होती, काहीतरी नेपाळीत म्हणत होती, ते अर्धं कळत होतं अर्धं नाही. मी तर पुढच्या प्रवासाला निघालो होतो, मला तिनं दोनदा डोक्यावर हात ठेवला.

एक आणखी. नेपाळभर पाट्या देवनागरीत. दुकानाची पाटी, बसची पाटी, सरकारी हापिसाची पाटी, औषधाच्या दुकानात लिहिलेलं सगळं आपल्याला वाचता येतं. दुसऱ्या कुणाला यात विशेष वाटणार नाही, पण आम्ही बेळगावची माणसं, पाटी कुठल्या अक्षरात आहे हे आमच्या डोळ्याला आधी दिसतं. सर रस्त्यानं चालताना पाट्या मोठ्यानं वाचत जायचे, लहान पोरासारखे, आणि त्यांचा आवाज ऐकून बरं वाटायचं.

मग सामान वाटायचं आलं. खोलीत तीन खाटा, त्यावर सगळं ओतलं. माझी मोठी सॅक बारक्या घरी नेणार होता, मी फक्त लहान बॅग ठेवली. ट्रेकिंगची काठी केबिनमध्ये नेता येत नाही म्हणून तीही त्याच्याकडं दिली. अक्कानं उरलेल्या खाण्याची वाटणी केली, वाटणी कसली, सगळं माझ्याच बॅगेत भरत होती. शेंगदाण्याची चटणी, चिवडा, आणि कुंद्याचा शेवटचा डबा. मी म्हटलं, अक्का, तुम्हाला अजून तीन दिवस रेल्वे आहे. ती म्हणाली, आमी चौघं हाव, तू एकटा हाईस. याच्यावर काय बोलणार? शेवटी कुंदा तिथंच फोडला आणि पाच जणांनी चमच्यानं खाल्ला, खाटेवर बसून, सगळीकडं मोजे वाळत घातलेले. कॉमन पैशाचा हिशेब सरांनी वहीत मांडला. नेपाळी ३४० रुपये उरले होते, म्हणजे आपले दोनशेच्या आसपास. ते चहाला ठेवायचे ठरलं.

साडेपाचला आम्ही कलंकीला गेलो. काठमांडूच्या पश्चिमेकडनं बाहेर पडणाऱ्या गाड्या तिथनं जातात. दशैंनंतर परत फिरणाऱ्यांची तुफान गर्दी, धूळ, हॉर्न, कंडक्टर दारात लोंबकळत गावांची नावं ओरडत होते, बुटवल, भैरहवा, सुनौली. ३४० रुपयांचा चहा आणि सेल रोटी झाली. मी मनात ठरवलं होतं की बस आली की पटकन नमस्कार करायचा, मामांच्या पाया पडायचं आणि मागं न बघता टॅक्सी पकडायची, लांबवायचं नाही.

पण तसं व्हायचं नव्हतं. बस आली, सगळ्यांच्या गळाभेटी झाल्या, पाया पडून झालं, ते चढले, आणि आत गेल्यावर कळलं की आमच्या चारपैकी दोन सीट दुसऱ्याही कुणाला विकल्यात. तिकीट एका ट्रॅव्हलवाल्याकडनं काढलेलं, त्याचा फोन लागेना. सगळे परत खाली. पाऊण तास त्यात गेला. मामांनी आवाज चढवला नाही, ते त्या दुसऱ्या माणसाशी जाऊन बोलले, तोही निघाला माजी सैनिक, आपल्याच गोरखा पलटणीतला. मग काय, दोघांनी आपापल्या युनिटची नावं सांगितली, जुनी ठाणी निघाली आणि तो स्वतःहून म्हणाला, मी पुढं केबिनमध्ये बसतो, माझा पोरगा मागं बसेल. परत गळाभेटी. परत चढले. बस शंभर पावलं जाऊन ट्रॅफिकमध्ये थांबली. मी चालत चालत खिडकीपाशी गेलो. अक्कानं खिडकीतनं हात बाहेर काढून माझा हात धरला आणि काहीबाही सांगत राहिली, जेव वेळेवर, उगाच चहावर राहू नको, वाटी आणलीयास न्हवं बाबांची, ती तिथं नदीत एकदा धुवून आण.

आणि तेवढ्यात मामा दारातनं खाली उतरले. मला वाटलं काहीतरी राहिलं. ते माझ्यापाशी आले, म्हणाले, "पाय दाखव बघू."

मी म्हटलं, मामा, बस सुटेल. "सुटत न्हाई. दाखव."

तिथंच फुटपाथच्या कडेला मी बूट काढला, मोजा काढला. त्यांनी गुडघा टेकला, टाच हातात धरली, मोबाईलचा टॉर्च लावून बघितली. दोरा दोन दिवसांपूर्वीच त्यांनी काढला होता, कातडी बसत आली होती. अंगठ्यानं कडेनं दाबून बघितलं, दुखतंय का विचारलं, दुसराही पाय बघितला, आणि खिशातनं पावडरची डबी काढून माझ्या हातात ठेवली. मागं गाड्या हॉर्न मारत होत्या, बस हलायला लागली होती, कंडक्टर ओरडत होता, आणि ते सावकाश उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जा. बाऽला भेटून ये."

ते चढले. यावेळी बस थांबली नाही. मागच्या काचेतनं बारक्या हात हलवत होता तो वळणापर्यंत दिसला. मी एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा असा उभा होतो.

हॉटेलवर परत आलो तर खोली तीन खाटांची. मालक म्हणाला लहान खोली देतो, मी नको म्हटलं. मामांच्या खाटेवर ब्लँकेट घडी घालून ठेवलेलं, चारी कडा सरळ, वर उशी मधोमध. हॉटेलात कोण घडी घालतं? ते रोज घालायचे. आठवडाभर रात्री कुणाचं तरी घोरणं ऐकत झोपलो होतो, त्या रात्री एवढं शांत होतं की बाराला उठून मी खिडकी उघडली, रस्त्याचा आवाज तरी यावा म्हणून. ग्रुपवर सरांचा मेसेज होता, वाटेत मुगलिनला जेवण झालं, दाल-भात बरा आहे, झोप आता.

सकाळी सहाला त्रिभुवन विमानतळ. तिथलं जे बघितलं ते डोळ्यासमोरनं जात नाही. बाहेर, गेटच्या अलीकडं, शेकडो माणसं. दशैंची सुट्टी संपवून आखाती देशात नाहीतर मलेशियात कामाला परत जाणारी पोरं आणि त्यांना सोडायला आलेलं अख्खं घर. कपाळावर टिका अजून ओला, गळ्यात झेंडूच्या माळा, पिवळे-पांढरे खादा म्हणजे मानाचे उपरण्यासारखे स्कार्फ, नवीन बॅगेला नावाची चिठ्ठी चिकटवलेली. एक पोरगा असेल बावीसचा, आई त्याच्या जॅकेटची चेन वर लावत होती, लावून झाली की परत खाली करून परत लावत होती. तीनदा. तो काही बोलत नव्हता. मला खानापूरचं स्टेशन आठवलं. बाबा सुट्टी संपवून निघायचे तेव्हा आई अशीच त्यांच्या पिशवीची गाठ सोडायची आणि परत बांधायची, आणि मी मालगाडीचे डबे मोजत बसायचो, कारण त्या दोघांकडं बघायचं नसायचं मला. आता बघितलं. आतापर्यंत मला सोडायला कुणी नाही म्हणून जे एकटं वाटत होतं ते जरा निवळलं, माझ्याही कपाळावर टिका होता आणि कानामागचा जमरा सुकला होता पण पडला नव्हता.

आतलं भराभर झालं. चेक-इनला मी आधीच डावीकडची खिडकी मागून घेतली, काठमांडूहून पारोला जाताना हिमालय डावीकडं असतो, हे लक्षात ठेवा, उजवीकडं बसलात तर हुकला. इमिग्रेशनला साहेबानं परमिट बघितलं, दूतावासाचं पत्र वाचलं, विचारलं कशाला जाताय. मी म्हटलं वडील तिथं रस्त्यावर कामाला होते. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि शिक्का मारला.

विमान तासाभराचं. वर आलो आणि दहा-पंधरा मिनिटांत पायलटनं सांगायला सुरुवात केली, गौरीशंकर, चो ओयू, आणि मग एव्हरेस्ट, बाजूला ल्होत्से, थोडं पुढं मकालू. खाली ढगांचं पांढरं शेत आणि त्यातनं ही शिखरं वर आलेली, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरनं बर्फाचा धूर एका बाजूला उडत होता. ८८४९ मीटर. मी काचेला नाक लावून बघत होतो आणि सवयीनं मागं वळलो, सर, हे बघा म्हणायला. शेजारी एक भूतानी बाई होती, तिनं हसून मान हलवली. मी फोटो काढले बरेच, पण खरं सांगतो, त्यातले निम्मे चौघांना दाखवायचे म्हणूनच काढले. लांबवर कांचनजंगा दिसलं आणि मग विमान खाली यायला लागलं.

पारोचं लँडिंग डोंगरातनं. दरी एवढी अरुंद की पंखाच्या बरोबरीला घरं दिसतात, अंगणात वाळत घातलेल्या लाल मिरच्या दिसतात, छपरांवर पसरलेल्या, आणि विमान एका डोंगराला वळसा घालून एकदम धावपट्टीवर. दिवसाउजेडीच आणि खास ट्रेनिंग झालेले थोडेच पायलट इथं विमान उतरवतात. आणि एक गोष्ट मला तिथं टेकल्यावर आठवली, पारोची धावपट्टीसुद्धा मूळ दंतकवाल्यांनीच केलेली, बाबांच्या आधीच्या लोकांनी. उतरल्यावर सगळ्यांनी फोटो काढले, मी खाली वाकून डांबराला हात लावला. घड्याळ भारतापेक्षा अर्धा तास पुढं केलं. नेपाळात ते पाव तास पुढं होतं, म्हणजे दोन देशात पाव-पाव तासानं मी त्या चौघांपासून पुढं सरकत गेलो.

सिमकार्ड विमानतळावरच घेतलं. चालू झालं तसे धडाधड मेसेज. पहाटे बॉर्डर पायी ओलांडल्याचा फोटो, मग गोरखपूरच्या प्लॅटफॉर्मवर चौघं वर्तमानपत्र पसरून पुरी-भाजी खातायत, पुण्याच्या गाडीला अजून वेळ आहे, बारक्याच्या मांडीवर माझी सॅक.

गाडी ठरवली आणि हॉटेलला न जाता थेट चुझोमला निघालो. ड्रायव्हर तरुण, घो म्हणजे तिथला पुरुषांचा झगा घातलेला, हिंदी चांगलं बोलत होता. मी त्याला फोटो दाखवला, तो गाडी चालवता चालवता दोनदा बघून म्हणाला, माझ्या बापाच्या लग्नाआधीचा असेल हा. रस्ता नदीच्या कडेनं, दोन्हीकडं भातं पिवळी झालेली, आमच्याकडं असतात तशीच, आणि मला मामांच्या शेताची आठवण आली, त्यांची कापणी राहिलीय. पाऊण तासानं वळणावर ते तीन दिसले. संगमाच्या टोकावर, एकाशेजारी एक.

खूप वेळ मी गाडीतनं उतरलोच नाही.

मग फोटो हातात धरून बाबा कुठं उभे असतील ती जागा शोधली. रस्ता आता रुंद झालाय, तेव्हाचा कठडा नाही, पण मागच्या डोंगराची धार फोटोत जशी उतरते तशीच उतरते, आणि छोर्तेनांमधलं अंतर जुळवत जुळवत सरकलो तर एका जागी सगळं बरोबर बसलं. मी तिथं उभा राहिलो. ड्रायव्हरनं फोटो काढला. अक्कानं सांगितलं होतं तशी वाटी बॅगेतनं काढली, खाली जाऊन दोन्ही पाणी मिसळतं तिथं धुतली, पाणी इतकं गार की बोटं बधिर झाली, आणि तिच्यात थोडं पाणी घेऊन वर आलो आणि बाबांच्या त्या जागेवर ओतलं. कपाळावरचा टिका सुकून निम्मा गळला होता, त्यातले दोन तांदूळ तिथंच पडले.

कठड्यावर बसून ग्रुपवर फोटो टाकला, जुना आणि नवा शेजारी शेजारी. सरांचं लगेच आलं, डोंगराची धार बघ, तीच आहे, अगदी तीच. अक्कानं काही लिहिलं नाही, नुसता हात जोडलेला पाठवला. बारक्या म्हणाला, दादा, मोठा करून फ्रेम करूया, आमच्या फौंड्रीशेजारी चांगला फ्रेमवाला आहे. मामा टाइप करत नाहीत, त्यांचा आवाज येतो. आधी नुसता स्टेशनचा गोंगाट, कुठली तरी गाडी किती नंबरवर येतेय ती अनाउन्समेंट, चहावाल्याचा आवाज, बराच वेळ तेवढंच. मग घसा खाकरला.

"बघितलं. चांगलं झालं. नदीत उतरलेलास न्हवं? मग मोजे भिजले असतील. बदल आधी, पावडर लाव, आणि मग पुढं जा."

मी तिथंच बूट काढले.